गोटूचा खालचा वाकडा दात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. प्रत्यक्षात वाकलो तर मला उठवायला तुलाच यावं लागेल, आणि तुझे गुडघे माझ्या कमरेपेक्षा वयाने मोठे आहेत.) गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं, ते गोड औषध घेतल्यावर चूळ भरत जा, नाहीतर खोकला जाईल आणि दाढा किडतील. मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, दवाखान्यात जातो, लोकांना 'आ करा' म्हणतो आणि लोक आ करतात. घरी आल्यावर मात्र कोणाला काही करा म्हणायची सोय नाही.

परवा तू फोनवर विचारलंस की गोटू अचानक येऊन राहिलाय, आरामाला आलोय म्हणतो, पण तुझं नाव काढलं की उठून गच्चीवर जातो, तेव्हा तुमचं बापलेकांचं नेमकं काय बिनसलंय? मी म्हणालो, कुठे काय, आणि पेशंट तोंड उघडून बसलाय असं सांगून फोन ठेवला. ताई, पेशंट नव्हता. त्या खुर्चीवर मीच बसलो होतो. पण हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं. एक तर भावोजी पलीकडच्या खोलीतून सल्ले देतात (तेही प्रश्न पुरा व्हायच्या आत), आणि दुसरं म्हणजे माझा आवाज हल्ली मध्येच फुटतो. कागदावर तो फुटत नाही. म्हणून पत्र. लांबेल. चहा करून घे, चष्मा पूस आणि मग वाचायला बस.

तुला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे मला ठाऊक आहे. (टीव्हीवर गोटू खाली पडला की तू 'अगं बाई, उठवा रे त्याला कोणीतरी' म्हणून ओरडतेस, असं भावोजींकडून कळलं.) तर रग्बी म्हणजे असं की तीस धट्टीकट्टी माणसं एका लंबगोल चेंडूपायी एकमेकांच्या अंगावर पडतात. समोरच्याला पाडायचं, पण खांद्याच्या वर हात लावायचा नाही. धरायचं, पण उचलून डोक्यावर आपटायचं नाही. लोळवायचं, पण ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला नाही. थोडक्यात, भांडायचं, पण पाहुणे घरात असताना भांडतात तसं. नियम मोडला तर पिवळं कार्ड मिळतं आणि दहा मिनिटं बाहेर खुर्चीवर बसावं लागतं. फारच मोडला तर लाल कार्ड, म्हणजे थेट अंघोळीला जायचं. आणि एखादं पाप पंचांच्या नजरेतून सुटलंच, तर सामना संपल्यावर फिल्म पुढेमागे करून बघणारा एक वेगळा अधिकारी नेमलेला असतो. त्याचं काम एवढंच की खोलीत एकट्याने बसायचं, कोणी कोणाला कुठे कोपर मारलं ते शोधायचं आणि वर कळवायचं. (आपल्या थोरल्या आत्याने हे काम फुकट केलं असतं.) आपला गोटू पहिल्या रांगेत खेळतो, म्हणजे जिथे डोकं घालायचं असेल तिथे पहिलं डोकं त्याचं. घरात आपण अजून गोटू म्हणतो, पण गडी सव्वाशे किलोचा आहे आणि तेहतीस वर्षांचा आहे. येत्या वर्ल्ड कपनंतर थांबायचं असं त्याने ठरवलं होतं. हे मला त्याने सांगितलं नाही, पेपरात वाचलं.

आता माझं काय ते ऐक. संघाचे माउथगार्ड मी बनवतो, हे तुला माहीत आहे. (माउथगार्ड म्हणजे वरच्या दातांवर चढवायचं रबरी कवच. ते नसतं तर मैदान झाडायला आणि दात वेचायला माणूस ठेवावा लागला असता.) त्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या दातांचा साचा घ्यावा लागतो, त्यामुळे अख्खा संघ माझ्या कपाटात प्लास्टरचे दात विचकून बसलेला असतो. खरं सांगायचं तर मी त्यांना चेहऱ्याने ओळखतच नाही. मागे कप्तान रस्त्यात भेटला, दोन मिनिटं बोलला, मी आपला 'हो हो' करतोय. शेवटी हसला तेव्हा डावीकडची कॅप बघून मला उलगडा झाला. सामना बघताना सगळा देश चेंडू बघतो आणि मी कोणाचं गार्ड सैल बसलंय ते बघतो. जित्याची खोड, दुसरं काय! त्याच कपाटात वरच्या फळीवर गोटूचे साचे आहेत, अगदी दुधाच्या दातांपासूनचे. आणि त्यातल्या बाराव्या वर्षापासूनच्या प्रत्येक साच्यात खाली, पुढे, डावीकडचा दुसरा दात वाकडा आहे. रांगेत उभं राहून शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या माणसासारखा तो वळून उभा आहे. वर्षभर तार लावली असती तर सरळ झाला असता. मी तेव्हापासून त्याच्या मागे आहे. शाळेत असताना सांगितलं, कॉलेजात सांगितलं, पहिल्यांदा देशाकडून खेळला त्या संध्याकाळी सुद्धा सांगितलं. (अभिनंदन आधी केलं, दात नंतर काढला. म्हणजे विषय काढला.) दंतवैद्याचा पोरगा आणि दिव्याखाली अंधार, लोक काय म्हणतील? लोक काहीच म्हणत नव्हते. मीच म्हणत होतो.

त्याची आई होती तोवर हे खपून गेलं, कारण आमच्या दोघांमधली दुभाषी ती होती. मी म्हणायचो, 'त्याला सांग, गार्ड गरम पाण्यात धुऊ नको.' ती त्याला सांगायची, बाबा विचारत होते, फार लागलं नाही ना? तिकडून तो 'हं' म्हणायचा आणि ती मला येऊन सांगायची, तुम्ही बनवलेलं गार्ड उत्तम बसलंय म्हणतोय. ताई, मी ते विचारलेलं नसायचं आणि तो ते म्हणालेला नसायचा. दोन्हीकडची भाषांतरं तिची. त्या खोट्या भाषांतरांवर आमचं घर छान चाललं होतं. ती गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी मूळ भाषेत बोलतो. मूळ भाषेत माझ्याकडे दाताशिवाय विषय नाही आणि त्याच्याकडे 'हं'शिवाय उत्तर नाही. तरीही दर रविवारी तो फोन करायचा. मी दाताची चौकशी करायचो, तो हं म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर मला दिवसभर बरं वाटायचं.

तर झालं असं. गेल्या महिन्यातल्या सामन्यात, जवळजवळ शेवटी, चेंडू खाली पडला आणि त्याच्यावर माणसांचा ढीग झाला. असे ढीग होतच असतात, पंच शिट्टी मारतात आणि ढीग उठतो. या खेपेला ढीग उठायच्या आधी समोरच्या संघातला एक गडी किंचाळला आणि आपला हात हवेत धरून नाचायला लागला. त्याला कोणीतरी चावलं होतं. ताई, या खेळात सगळं चालतं असं बाहेरच्याला वाटतं, पण चावणं म्हणजे फार वाईट समजतात, आणि ते वाईटच आहे. मी त्याची तरफदारी करत नाही. पंचांनी काही पाहिलं नव्हतं. पण त्या खोलीतल्या एकट्या अधिकाऱ्याने फिल्म बघितली आणि वर गोटूचं नाव कळवलं. फिल्ममध्ये तसं थोडंच दिसतं. ढिगाच्या तळाशी गोटूचा अर्धा चेहरा आहे, त्याच्यावर आडवा हात आहे, तेवढ्यात कोणाची तरी पाठ मध्ये येते आणि मग किंचाळी. गोटूने सांगितलं, मी नाही. संघाच्या वकीलबाई म्हणाल्या, त्या हाताजवळ तिघांची तोंडं होती, दात कोणाचे हे कोण सांगणार? (तिघांपैकी उरलेले दोघे आपल्याच संघाचे होते. त्यांना हा बचाव फारसा आवडला नाही.) मग बाईंना आठवलं की खेळाडूचा बाप संघाचा दंतवैद्य आहे. त्यांनी मला साक्षीला बोलावलं. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की गोटू नेहमी माझं गार्ड घालतो आणि गार्ड घालून कोणाला चावणं सोपं नसतं. एवढंच. चार वाक्यं. मी त्यासाठी नवा शर्ट घेतला.

सुनावणीच्या दिवशी सकाळी तो आणि मी एकाच हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. तो टोस्ट चहात बुडवून, मऊ करून, उजव्या बाजूने चावत होता. मी विचारलं, खालचा पुढचा दात दुखतोय का? तो म्हणाला, नाही. मग टोस्ट चहात बुडाला, तो त्याने चमच्याने काढून खाल्ला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी तिला हाकललं, कारण समजा उत्तर कळलं असतं तर त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आम्ही शेजारी शेजारी चालत गेलो. वाटेत त्याने माझी बॅग घेतली. कंबर दुखते ना, म्हणाला. गेल्या तीन वर्षांत तो माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य.

सुनावणी म्हणजे कोर्टासारखं काही असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. एक लांब टेबल, पाण्याचा जग, कर्रकर्र वाजणाऱ्या खुर्च्या (माझी सगळ्यात जास्त) आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर तीन देशांतून तीन माणसं डोकावत होती. एक अध्यक्ष न्यायाधीश, दोन जुने खेळाडू. कोपऱ्यातल्या एका चौकोनात एक दुभाषी बाई होत्या, माझ्यासाठी. पडद्यावरच्या तिघांची भाषा मला पुस्तकातली येते, बोलायची वेळ आली की तोंडात राहते. बाई फार प्रामाणिक. मी खाकरलो तरी त्या क्षणभर थांबून विचार करत, याचं काय भाषांतर करावं. मी साक्ष दिली. चार वाक्यं सांगायची होती, ती मी पाव तासात सांगितली. गार्डचा कच्चा माल, जाडी, तापमान, जबड्याचा जोर, सगळं आलं. अध्यक्षांनी मध्येच जांभई दिली. (वरची उजवी पहिली दाढ नाही. ब्रिज बसवून घ्यायला हवा.) पण साक्ष चांगली झाली. वकीलबाईंनी टेबलाखालून अंगठा दाखवला. गोटूने माझ्याकडे बघितलं, आणि ताई, मला असं वाटलं की त्याला माझा अभिमान वाटतोय. असं मला आधी कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

तिथेच मला जाऊ द्यायला हवं होतं. पण मग त्यांनी पडद्यावर त्या गड्याच्या हाताचा फोटो लावला. मोठा करून. भिंतभर हात. त्याच्यावर लहान लहान खुणांची कमान, एकाशेजारी एक, शिस्तीत उभ्या, आणि त्यात डावीकडची दुसरी खूण वळलेली. शेजाऱ्याशी गप्पा मारणारी. ताई, मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो. पण वीस वर्षं घोकलेलं वाक्य विचार करून येत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी गोटूकडे वळलो आणि भर सुनावणीत मोठ्याने म्हणालो,

'बघ! सांगत होतो ना तुला, तो दात वेळेवर सरळ करून घे म्हणून!'

माझी खुर्चीसुद्धा वाजली नाही. मी आपल्या भाषेत बोललो होतो, तेव्हा अजून सगळं वाचलं असतं. पण कोपऱ्यातल्या चौकोनात दुभाषी बाईंनी तोंड उघडलं आणि शब्दाला शब्द लावून, माझ्या सुरासकट, ते सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या जागी त्याची आई असती तर म्हणाली असती, वडील म्हणतायत, माझा मुलगा फार गुणी आहे. अध्यक्षांनी मला विचारलं, आपण काय म्हणालात ते पुन्हा सांगाल का? आणि मी, ताई, मी सांगितलं. दात, रांग, वळण, कितव्या वर्षी तार लावायला हवी होती, सगळं सांगितलं. कोणीतरी माझ्या दाताच्या ज्ञानाबद्दल इतक्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच विचारत होतं. गोटू टेबलाकडे बघत होता. वकीलबाईंनी पाण्याचा अख्खा पेला एका दमात संपवला.

बारा आठवडे. आधीच कबूल केलं असतं तर, इतक्या वर्षांत एकही डाग नाही हे बघून, निम्मी शिक्षा माफ झाली असती असं वकीलबाई नंतर म्हणाल्या. पण नाही म्हणायचं आणि मग बापानेच हो म्हणायचं, याला माफी कुठली! बारा आठवड्यांत वर्ल्ड कप येतो आणि संपतो. म्हणजे गोटूचा शेवटचा सामना होऊन गेला आणि तो संपला तेव्हा तो ढिगाखाली होता. मला बरं वाटावं म्हणून बाईंनी हेही सांगितलं की फोटो इतका स्पष्ट होता की तुम्ही बोलला नसतात तरी त्यांनी शोधून काढलंच असतं. मला बरं वाटलं नाही. शोधून त्यांनी काढायचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, त्यात माझे दातही नव्हते आणि मला ओठही मिटता आले नाहीत.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याच्या मागे मागे गेलो. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, वर दोन शब्द मीही बोललो असतो, की चावलास कशाला, आणि मला खोटं का सांगितलंस, आणि मग आमचं रीतसर भांडण झालं असतं. त्याने माझी बॅग माझ्या हातात दिली. हळू आवाजात म्हणाला, 'बाबा, तिथेही तुम्हाला दातच दिसला?' आणि जिना उतरून गेला. तो तुझ्याकडे आला हे मला तुझ्या फोनवरूनच कळलं. दोन रविवार मी फोनजवळ बसलो. मग स्वतःच स्वतःला म्हणालो, तो का म्हणून करेल? आणि उठून कपाटातले साचे पुसले.

त्या हातवाल्या गड्याला मी पत्र लिहून माफी मागितली, हे तुला सांगून ठेवतो. त्याचं उलट टपाली उत्तर आलं. जखम बरी झाली आहे आणि तुमचा मुलगा स्वतः येऊन भेटून गेला, असं त्याने लिहिलं. कधी भेटला, काय बोलला, मला काही माहीत नाही. परक्या माणसाला भेटून आला आणि घरी आला नाही. असं वाटतं की चूक त्याची, शिक्षा त्याला झाली आणि घर मात्र माझं रिकामं झालं. असो. तुला रडगाणं ऐकवायला पत्र लिहीत नव्हतो. सगळं खरं खरं एकदा कोणालातरी सांगावं, एवढंच मनात होतं. भावोजींना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस, ते मध्येच सल्ला देतील.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. एक काम होतं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो आणि भलतीकडे गेलो. गोटूचा तो दात हलतोय. त्या गड्याने हात हिसडला तेव्हा ढिला झाला असणार. त्या सकाळच्या टोस्टवरून मला तेवढं कळलंय. इतके दिवस तो कोणाला बोलला नाही, कारण हलणारा दात म्हणजे आयता पुरावा. आता पुराव्याचं कोणाला काय पडलंय! पण दात शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवला नाही तर जाईल. तुमच्या बाजारापाठी माझ्या वर्गातला एक डॉक्टर बसतो, टकलू आहे, हात हलका आहे. त्याच्याकडे गोटूला पाठव. मी सांगितलं असं सांगू नकोस. तुला आपसूक सुचलं असं सांग. आणि टकल्याला म्हणावं, दात नुसता वाचव, सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. वाकडा आहे तसा राहू दे.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितोय. आज दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं म्हणून ती फिल्म मी पुन्हा लावली. आतापर्यंत पुष्कळदा पाहिली आहे, दर वेळी तोंडच बघितलं. आज कंटाळून की काय कोण जाणे, स्क्रीनवर त्याच्या तोंडावर मी माझा हात ठेवला आणि वरचा तेवढा भाग बघितला. ताई, त्याचे डोळे बघ. तो घाबरला होता. वर पाच-सहा माणसं, नाकावर आणि तोंडावर त्या गड्याचा हात गच्च दाबलेला, आणि हे आपलं सव्वाशे किलोचं पोर खाली श्वास कोंडून घाबरलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मला इतक्या वर्षांत किती पेशंट चावलेत, ठाऊक आहे? माझ्या बोटांवर खुणा आहेत. घाबरलेलं माणूस चावतंच. चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं चावतात आणि मग शरमेने म्हणतात, मी नाही चावलो. मी त्यांच्यावर एकदाही चिडलो नाही. खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, घाबरू नका, नाकाने सावकाश श्वास घ्या, मी आहे. रोज म्हणतो, कोणाही परक्या माणसाला म्हणतो. गोटूला सगळ्यांनी विचारलं, चावलास का? मी विचारलं, दात का नाही सरळ केलास? आणि हे एवढं एक वाक्य मला माझ्या पोराला म्हणता आलं नाही. तो शरमेने खोटं बोलला, हे ओळखायला माझ्याइतका लायक माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

ता.क. तिसरं. पहिलं ता.क. रद्द समज. टकल्याला त्रास नको. उद्या पहिल्या गाडीने मीच निघतोय. म्हणजे बहुधा हे पत्र यायच्या आधी मी तुझ्याकडे पोचलेला असेन आणि यातलं सगळं तुला तोंडानेच सांगता येईल. तरी पेटीत टाकतोय, कारण मी मला ओळखतो. मी तुझ्या घरात येईन, चपला काढीन, तो समोर दिसेल आणि मी म्हणेन, प्रवास बरा झाला. फारच धीर केला तर भावोजींच्या खोकल्याविषयी विचारीन. पत्र यायला दोनतीन दिवस लागतील, तेवढे दिवस आम्ही दोघं तुझ्या घरात असेच वावरू, तू मनावर घेऊ नकोस. आलं की ते न उघडता त्याच्या हातात दे. (तू उघडलंच असशील. असू दे. पण आता दे.) मी शेजारच्या खोलीत बसलेला असेन. वाचून झालं की मला हाक मार म्हणावं.